परराज्यात बिऱ्हाड हलवताना: घर शेवटी निवडा

बदलीचं किंवा नव्या नोकरीचं पत्र हाती पडलं, की त्याच रात्री बहुतेक जण घरांच्या जाहिराती बघायला बसतात. खोल्या किती, भाडं किती, फोटोत उजेड कसा आहे. दोन-तीन तासांत एखादं घर मनात भरतं आणि मग शाळा, प्रवास, दवाखाना सगळं त्या घराभोवती ओढूनताणून बसवलं जातं. या लेखात मी उलटा क्रम सांगणार आहे. त्यात घर सगळ्यात शेवटी येतं.

नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाला नव्या गावात पहिल्या दिवसापासून आपली जागा असते. बसायला टेबल असतं, बोलायला सहकारी असतात, दिवसाला एक चौकट असते. बाकीच्यांकडे यातलं काहीच नसतं. जोडीदाराने चालू काम सोडलेलं असतं, मुलांचे मित्र मागे राहिलेले असतात, आजी-आजोबांची रोज संध्याकाळी भेटणारी मंडळी तुटलेली असते. म्हणून नव्या गावात ज्याच्या हाती सगळ्यात कमी आहे, त्याच्या बाजूने जागा निवडायची. पहिल्यांदा राज्य बदललं तेव्हा आम्ही माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर घर घेतलं. मला फार सोयीचं होतं. घरातल्या बाकी तिघांना मात्र कुठेही जायचं तर गाडी लागायची, आणि गाडी दिवसभर माझ्याकडे असायची. त्या वर्षी घरात जे मूकपण आलं होतं ते मला फार उशिरा कळलं. हा लेख त्या वर्षामुळे लिहावासा वाटला.

पहिलं काम: प्रत्येकाचा आठवडा कागदावर

नकाशा उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक कागद घ्या आणि सोमवार ते रविवार तो माणूस घराबाहेर कुठे कुठे जातो, ते लिहा. शाळा, शिकवणी, खेळाचं मैदान, फिजिओथेरपी, वाचनालय, भाजी, औषधं, प्रार्थनास्थळ, मैत्रिणीकडे. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी हव्यात: आठवड्यातून किती वेळा, आणि हा माणूस तिथे एकटा जातो की कुणी न्यावं लागतं.

दुसरा रकाना फार महत्त्वाचा आहे. बारा वर्षांची मुलगी आज चालत तबला शिकायला जात असेल आणि नव्या ठिकाणी तिला गाडीतून सोडावं-आणावं लागणार असेल, तर तिचं स्वातंत्र्य गेलं आणि मोठ्या माणसाच्या आठवड्यातले काही तासही गेले. हे नुकसान कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

सगळे कागद शेजारी ठेवले, की घराला खरंच काय हवं ते समोर येतं. त्यातून अटळ अशा तीनच अटी काढा. चौथी घालायचा मोह होईल. पण अटी सात-आठ झाल्या, की कुठलीच जागा बसत नाही आणि शेवटी कंटाळून भलतंच काहीतरी ठरतं.

राज्याची हद्द ओलांडली की काय काय बदलतं

एकाच देशात राहणार आहोत, म्हणजे सगळं तसंच असेल, असं गृहीत धरू नका. संघराज्य असलेल्या देशांत शिक्षण, आरोग्य, वाहनं, भाडेकायदा आणि काही कर हे विषय पूर्णपणे किंवा अंशतः राज्यांच्या हातात असतात. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा 4 वर्षांची आहे, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये ती 6 वर्षांची. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये शाळेत बसायला त्या वर्षी 31 जुलैपर्यंत 5 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तर शेजारच्या व्हिक्टोरियात 30 एप्रिलपर्यंत. जूनमध्ये जन्मलेलं मूल एका राज्यात शाळेत जातं आणि दुसऱ्यात वर्षभर थांबतं. भारतात मोटार वाहन कायद्यानुसार गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. अमेरिकेत टेक्सस आणि फ्लोरिडा राज्याचा प्राप्तिकर घेत नाहीत. म्हणून तिथे जाणाऱ्याचा पगार कागदावर वाढलेला दिसतो, पण मालमत्ता कर आणि विमा यांचा हिशेब केल्याशिवाय त्या वाढीला अर्थ नाही.

परवान्यावर चालणारे पेशे, म्हणजे वकील, परिचारिका, शिक्षक, औषधविक्रेते, यांच्या बाबतीत आधी त्या पेशाची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे चौकशी करा. जोडीदाराचा पेशा असा असेल आणि नव्या नोंदणीला काही महिने लागणार असतील, तर तेवढे महिने घर एकाच उत्पन्नावर चालणार आहे. ही गोष्ट घराचं भाडं ठरवण्याआधी कळायला हवी.

मुलं मोठी असतील तर रहिवासाची अट नक्की तपासा. अनेक देशांत राज्याच्या महाविद्यालयांत स्थानिकांसाठी राखीव जागा किंवा कमी शुल्क असतं. अमेरिकेत त्यासाठी बहुतेक ठिकाणी साधारण 12 महिन्यांचा रहिवास मागतात. भारतात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदवीच्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि उरलेल्यांसाठी त्या त्या राज्याचे नियम लागतात. हे नियम शाळेची शेवटची दोन-तीन वर्षं कुठे झाली तेही बघतात. मुलगा अकरावीत असताना राज्य बदललं, तर तो जुन्या राज्याचाही राहिला नाही आणि नव्याचाही झाला नाही, अशी गत होऊ शकते. अशा घरांनी दोन वर्षं थांबण्याचा, किंवा एका पालकाने मुलासोबत मागे राहण्याचा विचार मोकळेपणाने करावा. त्यात कमीपणा नाही.

प्रवास: सरासरी नव्हे, वाईट दिवस मोजा

वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना बऱ्याच काळापासून एक गोष्ट दिसत आली आहे. गाव कुठलंही असो, साधन कुठलंही असो, माणसं सरासरीने दिवसाला साधारण तासभर प्रवासात घालवतात. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये हे निरीक्षण ठळकपणे मांडलं. मी तो तास घरातल्या प्रत्येकाची मर्यादा म्हणून धरतो. जाऊन-येऊन एक तास, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. लहान मुलांसाठी त्याहून कमी.

मोठं घर मिळतंय म्हणून लांबचा प्रवास पत्करताना माणसं नेहमी चुकतात. ब्रूनो फ्राय आणि अलोइस श्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतली पाहणी तपासली, तेव्हा लांब प्रवास करणारे लोक आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी निघाले. त्या प्रवासाची भरपाई पगारातून किंवा घरातून व्हायला हवी होती, ती झालेली दिसली नाही. यात मला नवल वाटत नाही. जास्तीच्या खोलीची सवय महिन्याभरात होते. रस्ता मात्र रोज वेगळा त्रास देतो, त्याची सवय होत नाही.

मोजायचं कसं? नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ‘अमुक वाजता पोहोचायचं’ हा पर्याय निवडा आणि तारीख कामाच्या दिवसाची टाका, शाळा सुरू असतानाची. रविवारी दुपारी दाखवलेला वेळ निरुपयोगी आहे. अ‍ॅप जो पल्ला दाखवतं, ‘25 ते 50 मिनिटं’ वगैरे, त्यातला मोठा आकडा धरा, कारण शाळेची घंटा आणि हजेरीचं यंत्र तुमची सरासरी बघत नाहीत. सकाळचं झालं, की संध्याकाळचं उलट दिशेचंही बघा. दोन्ही वेळा खूपदा जुळत नाहीत.

दोघंही नोकरी करत असतील तर नकाशावर दोन ऑफिसांच्या बरोबर मध्ये बोट ठेवायची चूक होते. मध्यबिंदू दोघांनाही गैरसोयीचा असू शकतो. मुलाला शाळेतून आणायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचा प्रवास छोटा ठेवा, कारण शाळेतून ताप आल्याचा फोन आला तर पोहोचायचं त्यालाच असतं.

शाळा: इमारत बघू नका, वेळापत्रक बघा

मुलं असलेल्या घरात राहण्याचा भाग शेवटी शाळाच ठरवते. म्हणून इथे घाई नको.

सुरुवात प्रवेशाच्या नियमापासून करा. काही शाळा पत्त्यावरून प्रवेश देतात. रस्त्याच्या या बाजूचं मूल एका शाळेत आणि त्या बाजूचं दुसऱ्या, इतकी काटेकोर हद्द असते. हद्दीचा नकाशा शाळेकडून किंवा शिक्षण विभागाकडूनच घ्या, दलालाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. वर्षाच्या मधे जागा मिळते का आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

मग भाषा. नव्या राज्यातली शिकवण्याची भाषा किंवा सक्तीची दुसरी-तिसरी भाषा वेगळी असेल, तर मुख्याध्यापकांना थेट विचारा: बाहेरून आलेल्या मुलाला या विषयात किती वर्षं सवलत आहे, आणि वर्गात त्याला मदत कोण करतं? ‘मुलं पटकन शिकतात’ हे उत्तर मी उत्तर मानत नाही. लहान मुलं खेळता खेळता बोलायला शिकतात हे खरं, पण त्या भाषेत इतिहासाचा पेपर लिहायला बराच जास्त काळ लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अभ्यासक्रमातली फट. जुन्या शाळेचा आणि नव्या शाळेचा गणिताचा वार्षिक आराखडा समोरासमोर ठेवा. जुन्या राज्यात अपूर्णांक पाचवीत शिकवत असतील आणि नव्यात चौथीत, तर चौथीनंतर हललेलं तुमचं मूल ते कधीच शिकणार नाही आणि पुढे सगळीकडे अडखळेल. मागे काय सुटणार आहे त्याची यादी निघाली, तर सुट्टीत ते घरी भरून काढता येतं.

शाळा बघायला जाल तेव्हा सुटायच्या वेळी जा. फाटकाबाहेर अर्धा तास उभे राहा. मुलं एकमेकांशी कशी बोलतात, शिक्षक बाहेर येतात का, चालत किती जण जातात आणि गाड्यांत किती, यातून जे कळतं ते माहितीपत्रकात नसतं. चालत जाणारी मुलं पुष्कळ असतील, तर शेजारपाजारच्या मुलांची तिथे मैत्री होते, कारण ती एकाच रस्त्याने घरी येतात.

मुलांच्या वयाबद्दल एक ठोस अभ्यास आहे. 1994 पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत गरीब वस्त्यांमधल्या काही कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून चांगल्या भागात जाण्यासाठी मदत दिली गेली. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये त्या मुलांचा पुढचा हिशेब मांडला. 13 वर्षांच्या आत असताना ज्यांनी नव्या भागात घर केलं, त्यांचं विशीच्या मध्यावरचं उत्पन्न सुमारे 31 टक्के जास्त निघालं. त्याहून मोठी असताना हललेल्यांना फायदा झाला नाही, थोडं नुकसानच दिसलं. तो अभ्यास फार गरीब वस्त्यांचा होता, त्यामुळे आकडा तसाच उचलून आपल्या घराला लावता येणार नाही. पण लहान मुलाला नव्या परिसरात रुजायला वर्षं मिळतात आणि पंधरा वर्षांच्या मुलाला ती मिळत नाहीत, हे कुठेही खरं आहे. घरात किशोरवयीन मूल असेल, तर परिसर निवडताना त्याच्या मताला सगळ्यात जास्त वजन द्या.

जमीन, पाणी, हवा

नव्या राज्याचं हवामान आपल्या अंगवळणी पडलेलं नसतं, म्हणून धोके डोळ्यांना दिसत नाहीत.

‘शंभर वर्षांतला पूर’ हा शब्द ऐकला, की शंभर वर्षं निर्धास्त असं वाटतं. त्याचा अर्थ दर वर्षी 1 टक्का शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहिलात, तर निदान एकदा पूर बघण्याची शक्यता सुमारे 26 टक्के होते, म्हणजे चारात एक. पूररेषेचे नकाशे जलसंपदा खात्याकडे किंवा पालिकेकडे मागा आणि ते मिळाले तरी तळमजल्यावर राहणाऱ्या जुन्या माणसांना विचारा. भिंतीवरचा ओलीचा पट्टा, नव्याने उंच केलेला उंबरठा, तळघरात पंप बसवलेला असणं, या खुणा नकाशाइतक्याच बोलक्या असतात.

पाण्याबद्दल तीन प्रश्न: कुठून येतं, दिवसातून किती वेळ येतं, उन्हाळ्यात काय होतं. भाडेकरूला विचारा, घरमालकाला नको.

हवेसाठी जवळच्या मापन केंद्राची वर्षभराची नोंद काढा, आजची नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या सूक्ष्म कणांसाठी वर्षाची सरासरी 5 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर इतकी ठरवली. जगातल्या फार थोड्या शहरांना ती पाळता येते, म्हणून दोन भागांची एकमेकांशी तुलना करायला हा आकडा वापरा. घरात दम्याचा रुग्ण असेल तर मोठ्या रस्त्यापासूनचं अंतर ही तुमच्या तीन अटींपैकी एक असायला हवी.

रस्त्याच्या रहदारीचा माणसांच्या ओळखीशीही संबंध असतो. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी 1972 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन सारख्या रस्त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे 2,000 गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला आपल्या रस्त्यावरचे सरासरी 3 मित्र होते, आणि 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर 1 सुद्धा पुरा नव्हता. नव्या राज्यात कुणीच ओळखीचं नसताना हा फरक फार मोठा ठरतो. दोन घरं सारखी वाटत असतील, तर आतल्या गल्लीतलं घ्या.

वयस्कर माणसं आणि दवाखाना

दवाखाना जवळ आहे एवढं पुरत नाही. रात्री दोन वाजता तिथे डॉक्टर असतो का, सीटी स्कॅन चालू असतो का, हे फोन करून विचारा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध सर्वसाधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करावाच लागतो. आरोग्य विमा असेल तर नव्या गावातली कुठली रुग्णालयं त्यात बसतात, ही यादीही हलण्याआधी हातात हवी. राज्याच्या आरोग्य योजनेवर अवलंबून असाल, तर नव्या राज्यात ती लागू होईपर्यंतचे महिने कसे काढणार, तेही ठरवा.

आजी-आजोबांसाठी मी आणखी एक बघतो. दारातून निघून पाचशे पावलांत बसायला बाक आणि बोलायला माणूस आहे का? नसेल, तर ती दोघं घरातच बसतील.

पैसे: भाडं आणि प्रवास एकत्र धरा

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत घरखर्च ठीक, हा ठोकताळा बऱ्याच ठिकाणी सांगतात. तो अर्धवट आहे, कारण लांबचं घर स्वस्त असतं आणि प्रवास महाग. घर आणि प्रवास मिळून 45 टक्क्यांच्या आत ठेवा, अशीही एक पद्धत आहे आणि ती मला जास्त पटते. प्रत्येक भागासाठी भाडं, वीज-पाणी, देखभाल, इंधन किंवा पास, शाळेची बस आणि गरज पडली तर दुसरी गाडी, एवढं एका ओळीत मांडा. दूरच्या ‘स्वस्त’ घरांपैकी बरीच इथेच गळतात.

एकदाच होणारा खर्च वेगळा लिहा: अनामत, सामान हलवणं, दोन्हीकडचं एका महिन्याचं दुहेरी भाडं, गाडीची नोंदणी, शाळेची प्रवेश फी. आणि जोडीदाराला काम मिळायला सहा महिने लागतील असं धरून हिशेब पुन्हा करा. त्या हिशेबातही घर परवडत असेल तरच ते परवडतं.

भेट: एकदा नव्हे, दोनदा

इथवर आलात की नकाशावर दोन किंवा तीन भाग उरलेले असतात. आता प्रत्यक्ष जा. पहिल्या भेटीत एकही घर आतून बघू नका. सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी, संध्याकाळी ऑफिस सुटताना आणि रात्री दहानंतर, अशा चार वेळा त्या भागात चाला. शाळेपर्यंत मुलाच्या चालीने चाला. एकदा सार्वजनिक वाहतुकीने ऑफिसपर्यंत जाऊन या. औषधाच्या दुकानात, इस्त्रीवाल्याकडे, बागेत बसलेल्या आजींकडे विचारा की इथून लोक सोडून का जातात. ‘हा भाग कसा आहे’ असं विचारलं, तर सगळे चांगलाच म्हणतात.

दुसऱ्या भेटीत जोडीदार आणि मुलं हवीतच, आणि घरं तेव्हा बघायची. शक्य असेल तर दुसरी भेट वर्षातल्या सगळ्यात वाईट ऋतूत ठेवा.

आधी भाड्याने, पण एका अटीवर

नव्या राज्यात पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नये, हे बहुतेक जण सांगतात आणि बरोबर सांगतात. पण त्यातला धोका कुणी बोलत नाही. भाड्याचं घर एका टोकाला आणि वर्षाने घेतलेलं घर दुसऱ्या टोकाला झालं, तर मुलांची शाळा दोन वर्षांत दोनदा बदलते. म्हणून ज्या भागात पुढे कायम राहायची शक्यता आहे, त्याच शाळेच्या हद्दीत आधी भाड्याने राहा, मग घर थोडं लहान मिळालं तरी चालेल.

करारात तीन गोष्टी वाचा: किती महिने सोडता येत नाही, किती दिवस आधी सांगावं लागतं, आणि मालकाने आधी काढलं तर अनामत कधी परत मिळते. अकरा-बारा महिन्यांचा करार असेल तर सहाव्या महिन्यानंतर सोडायची मुभा मागून घ्या. बरेच मालक देतात, पण सही होण्याआधी मागितली तरच.

निर्णय

गुणांचे तक्ते करून बेरीज करायची पद्धत मी सोडून दिली. बेरजेत एका माणसाचं मोठं दुःख बाकीच्यांच्या छोट्या सोयींखाली दडून जातं. त्याऐवजी उरलेले दोन-तीन भाग टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाला, आठ वर्षांच्या मुलालासुद्धा, एक भाग नाकारायचा हक्क द्या. नकार कारणासह द्यायचा आणि कुणी वाद घालायचा नाही. जो भाग उरेल तो घ्या. सगळेच बाद झाले, तर पहिल्या दिवशीचे कागद पुन्हा काढा. तीन अटींपैकी एखादी बहुधा फक्त कमावत्या माणसाची निघते.

भाग ठरला, की मग त्या रात्री घरांच्या जाहिराती उघडा. आता बघायची घरं वीस-पंचवीसच असतील. सामान पोहोचल्यावर सहा महिन्यांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, करारातल्या सूचनेच्या मुदतीच्या निदान पंधरा दिवस आधीची. त्या दिवशी प्रत्येकाने आपला आठवडा पुन्हा कागदावर लिहायचा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवायचा. ज्याच्या नव्या कागदावर घराबाहेरच्या नोंदी सगळ्यात कमी असतील, बोलायला सुरुवात त्याच्यापासून करा.